डोंगराकडचा वरचा कोपरा

१२ ऑगस्ट

डॉक्टर म्हणाले, रोज लिहा. हात कधी थरथरतो, काय करताना थरथरतो, किती वेळ, सगळं लिहून महिन्याभराने दाखवा. मी म्हटलं, डॉक्टर, मी सुतार माणूस, मापांशिवाय जन्मात काही लिहिलं नाही. ते म्हणाले, मग मापं लिहा. म्हणून लेकीच्या शाळेतली अर्धी कोरी वही माळ्यावरून काढली आहे.

तर आज. सकाळी कप उचलताना उजवा हात हलला, चहा बशीत सांडला. कामावर असताना हलला नाही. काम एकच, टेकडीवरच्या वसाहतीत, तिसरी ओळ, बाईंच्या घराचं पुढचं दार. बाई म्हणजे माझ्या लेकीला शाळेत भूगोल शिकवणाऱ्या. आता निवृत्त, एकट्या राहतात. दार डोंगराकडच्या वरच्या कोपऱ्यात घासत होतं. रंधा मारला, दोन सूत काढलं (आठ सुतांचा इंच, हे डॉक्टरांसाठी). दार लागलं.

भीती वाटते ती लिहूनच टाकतो. ते दार तीन वर्षांपूर्वी मीच बसवलेलं आहे आणि मी बसवलेलं दार घासत नाही. माझ्या वडिलांचा हात असाच गेला. आधी त्यांची दारं घासायला लागली, मग पटाशी हातातून सुटायला लागली, शेवटी घास तोंडापर्यंत जाईना, आई भरवायची. तेव्हा ते सत्तावन्नचे होते. मी छप्पन्नचा आहे.

१६ ऑगस्ट

दोन दारं. दोन्ही तिसऱ्या ओळीत, बाईंच्या शेजारपाजारची. तोच कोपरा. दीड सूत आणि दोन सूत.

वसाहतीतली एकशे दहाच्या एकशे दहा दारं माझी. काय मिरवलो होतो तेव्हा! मी काम शिकत होतो त्या काळी इथे पायथ्याला एक रस्ता, बाराएक दुकानं आणि बस वळवायला मोकळी जागा, एवढंच होतं. मग जिल्ह्याची कचेरी इथे आली. तिच्या मागोमाग रुग्णालय, कॉलेज, बँका, आणि वरच्या खेड्यांतली माणसं बोचकी घेऊन खाली उतरली. पायथ्याची जमीन संपली तशी घरं डोंगर चढायला लागली. डोंगर कापून पाच पायऱ्या केल्या आणि एकेका पायरीवर घरांची एकेक ओळ बसवली. ओळी खालून वर मोजायच्या. दोन-दोन घरांच्या मध्ये वर जाणारा जिन्याचा बोळ, दारं बोळात. एकेक चौकट मी ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) सोडून उभी केली. बिल्डर म्हणाला होता, मिस्त्री, तुमच्यासारखा हात जिल्ह्यात नाही. आता त्याच हाताने इज्जत घालवायचं ठरवलेलं दिसतं.

२१ ऑगस्ट

हात: सकाळी हलला, मग नाही. दारं: तीन. खिडकी: एक. कोपरा तोच. लोकांना सांगितलं, हवेत ओल आहे. लोकांनी मान हलवली. मिस्त्रीचं खोटं लोकांना खरं वाटतं, हीच तर मोठी पंचाईत आहे.

२४ ऑगस्ट

रविवार. लेकीकडे जेवायला. तिचं घर दुसऱ्या ओळीत. नात चौदा महिन्यांची, ठकी म्हणतो तिला. तिने चेंडू ठेवला की तो आपोआप स्वयंपाकघराकडे निघतो आणि ही टाळ्या पिटत त्याच्या मागे. दहा वेळा तोच खेळ. फरशीवाल्याने उतार चुकवलाय. आजकाल कुणालाच काम धड करायचं नसतं.

लेक म्हणाली, "बाबा, हात..." मी चटकन हात टेबलाखाली घेतला. तर ती म्हणत होती, हात धुऊन घ्या, जेवायला वाढलंय. चोराच्या मनात चांदणं.

न्हाणीघराचं दार घासत होतं. कुणाला न सांगता एक सूत काढून टाकलं, पण जावयाने पाहिलंच. जावई त्याच बिल्डरकडे देखरेखीला आहे. डोंगराच्या अगदी पायाशी आणखी दोनशे घरांचा दुसरा टप्पा निघालाय, त्याची खोदाई हाच बघतो. म्हणाला, "मामा, लाकूड ओलं वापरलं असेल." माझं लाकूड! दीड वर्ष सावलीत वाळवलेलं! एरवी मी त्याला उभा चिरला असता. पण म्हटलं, असेल बुवा. लाकडावर गेलं तर हातावर येत नाही.

३० ऑगस्ट

बाईंकडे तिसऱ्यांदा. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई चिडत नाहीत, चेष्टा करतात, ते जास्त लागतं. "मिस्त्री, माझ्या सगळ्या नातेवाइकांपेक्षा तुम्हीच जास्त येता." मग खांदा दाबत म्हणाल्या, "आता एकदाच काय ते घासा. मला ओढायला जोर नाही राहिला. एका बोटाने उघडलं पाहिजे."

मग मी हात सैल सोडला. वरून अर्धा इंच काढला, कडेने पाव इंच. कुठलाही सुतार बघून हसेल अशी फट पडली, पण दार बोटाने उघडतं. बाई दोनदा उघडझाप करून लहान मुलीसारख्या खूश झाल्या. भिंतीच्या तळाशी ओल आहे, पाणी झिरपतं. नळवाल्याला बोलवा म्हणून सांगितलं.

४ सप्टेंबर

आज पटाशी हातातून सुटली.

चौथ्या घरी बिजागरी काढत होतो. चौकटीतून असा काही आवाज आला, जुना खिळा ओढून काढताना येतो तसा, आणि मी दचकलो. खाली पाहिलं तर पटाशी पायाशी, अंगठ्यापासून दोन बोटांवर. आवाज आधी आला की पटाशी आधी सुटली, ते आता नीट आठवत नाही. घरी येऊन दार लावून बसलो. बापाचं सगळं ओळीने माझ्या वाट्याला येतंय. पुढचं मला पाठ आहे.

लेकीला सांगायचं नाही. ती धंदा बंद करायला लावेल आणि मग मी दिवसभर काय करू, भिंती मोजू?

९ सप्टेंबर

आज आनंदाने लिहायला बसलो होतो.

वरच्या खेड्यातल्या शाळेत सहा खिडक्या बसवायच्या होत्या. बसने दोन तास. हल्ली तिकडे जायला कुठला सुतार तयार नसतो, सगळ्यांना इथेच हवं तेवढं काम. शाळा अख्ख्या कातळावर बसलेली. सकाळी पहिली खिडकी बसवली. काय सांगू! चौकटीत अशी गेली की वारा आत यायला लाजेल. दुसरी, तिसरी, सहाही. एकीलाही परत रंधा लावावा लागला नाही. हात एकदासुद्धा हलला नाही. मी तिथल्या शिपायाला उगाचच मिठी मारली. तो घाबरला बिचारा.

येताना बसच्या खिडकीतून आमची टेकडी समोर दिसते. फळी सरळ आहे की नाही बघायला आम्ही एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर टाकतो. सवयीने डोळा मिटला आणि तिसऱ्या ओळीच्या छपरांवरून नजर टाकली.

ओळ सरळ नाही. मध्ये पोट आलंय.

दुसरा डोळा मिटून पाहिलं. पोट आहेच. खाली पायाशी पिवळी यंत्रं माती काढतायत. वर माझी दारं. मग डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली. माझा हात ठीक आहे, तर मग बिघडलंय काय? बसमध्ये मला घाम फुटला. शेजारचा म्हणाला, काका, बस लागते का?

१० सप्टेंबर

उजाडल्या उजाडल्या ओळंबा घेऊन गेलो. एवढे दिवस रंधा घेऊन गेलो, ओळंबा एकदाही नेला नाही. कारण चौकट माझी. आपण उभ्या केलेल्या चौकटीला पुन्हा ओळंबा लावायचा म्हणजे आपलंच बारसं पुन्हा करण्यासारखं. दार घासलं की मी दारालाच दोष दिला, नाहीतर हाताला.

बाईंची चौकट: वरून खाली सव्वा इंच कललेली. शेजारची: एक इंच. लेकीची: पाच सूत. सगळ्या एकाच बाजूला, दरीकडे.

बाईंनी विचारलं, काय झालं मिस्त्री, चेहरा का उतरला? त्यांना ओळंबा दाखवला. त्यांनी दोरीला बोट लावून पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस घर सांगत होतं आणि आपण त्याचं तोंड दाबत होतो." आपण म्हणाल्या. दाबत मी एकटाच होतो.

१२ सप्टेंबर

बाईंनी अर्ज लिहून दिला. तो घेऊन नगरपालिकेत गेलो. इंजिनीअरसाहेब तरुण आहे, उर्मट नाही. लगेच माझ्याबरोबर आला, हे त्याचं मोठेपण. मला वाटलं, झालं काम.

आम्ही तिसऱ्या ओळीतली बारा घरं फिरलो. साहेब प्रत्येक दार उघडायचा, लावायचा. उघडायचा, लावायचा. लोण्यासारखी चालत होती सगळी. शेवटी म्हणाला, "मिस्त्री, डोंगर सरकला की पहिल्यांदा दारं अडतात. इथे तर एकही अडत नाही." मी म्हटलं, साहेब, ती मी घासली. त्याने विचारलं, भिंतींना तडे? मी म्हटलं, ते लोकांनी लांबी-पुट्टी भरून रंगवले, नवी घरं आहेत, कोण तडा ठेवील. मी ओळंबा लावला. तो म्हणाला, चौकट पहिल्यापासून कललेली नव्हती कशावरून?

तेव्हा मी ही वही काढली. तारीख, घर, कोपरा, सूत, सगळं आहे. साहेबाने उभ्याउभ्या वाचली. मला केवढी आशा वाटली. मग त्याने पहिलं पान माझ्यासमोर धरलं. "तुम्हीच लिहिलंय, हात थरथरतो. इथे लिहिलंय, पटाशी सुटली. राग मानू नका, पण नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतील लोक." मी ओरडलो, साहेब, अंगणच वाकडं झालंय! तो म्हणाला, वर कळवतो, मोजणीवाले पुढच्या महिन्यात येतील.

संध्याकाळी जावयाचा फोन. "मामा, साहेबांना कशाला नेलंत? ऑफिसात मला विचारतायत, तुमचा सासरा काय बोलत फिरतो. माझी नोकरी जाईल." मी म्हटलं, जावईबापू, खाली खोदणं थांबवा. तो म्हणाला, तुम्ही डॉक्टरांकडे जा.

१४ सप्टेंबर

झोपेचं खोबरं. डोळा लागला की दारं दिसतात.

लेकीला समजावून पाहिलं. ती दोघांच्या मध्ये सापडलीये. "बाबा, ते रोज तिथेच असतात, त्यांना कळलं नसतं का?" तिच्या कडेवर ठकी. मला त्या घरात उभं राहवेना. पायाखाली काही हलत नव्हतं, तरी वाटत होतं.

मग मी खोटं बोललो. हात टेबलावर ठेवला आणि मुद्दाम हलवला. म्हटलं, पोरी, तुझ्यापासून लपवलं, पण हात गेला माझा. जेवता येत नाही. चार दिवस येऊन राहा. ती रडायला लागली. जे जन्मात कळू द्यायचं नाही म्हणून एवढा आटापिटा केला, त्याचंच नाटक करत होतो. गंमत म्हणजे हलवायला सुरुवात केली तो थांबेचना. तासभर हलत होता.

लेक आणि ठकी आता इथे आहेत. लेक मला भरवते. मी खातो. जावई तिथेच राहिला, कामावर जवळ पडतं म्हणतो.

१७ सप्टेंबर

दिवसात पाच बोलावणी. दुसऱ्या ओळीतूनही. मी रंधा घरीच ठेवलाय. प्रत्येकाला सांगितलं, दार घासायचं नसतं, घर सोडायचं असतं. एक बाई म्हणाली, तुमच्या नादाने आमच्या घराची किंमत पडेल. एकजण दुसऱ्या सुताराला घेऊन आला. तो पोरगा माझ्याच हाताखाली शिकलेला, माझ्याकडे न बघता रंधा मारत होता. तीन कुटुंबं मात्र गेली, खेड्यात आपापल्या घरी.

बाई म्हणतात, "माझा विश्वास आहे हो तुमच्यावर. सोमवारी बहिणीकडे जाते. पुस्तकं बांधायला वेळ लागतो." मी म्हटलं, पुस्तकं राहू द्या. त्या म्हणाल्या, तुम्ही तुमची हत्यारं ठेवाल का?

२२ सप्टेंबर

इथल्या शाळेच्या वर्गात बसून लिहितोय. वसाहतीतली सगळी माणसं इथे आणून ठेवली आहेत. लेकही ठकीला घेऊन माझ्यासोबत आली, शेजारीच झोपलीये. परवाचं लिहिलं नाही तर मला वेड लागेल.

शनिवारी सकाळी अकराला जावयाचा फोन आला. दोन दिवस पाऊस धरून होता. "मामा, हसू नका, पण दार अडलंय. आतच अडकलो. रंधा घेऊन या." मी रंधा घेतला नाही, पहार घेतली. रिक्षावाल्याला म्हटलं, पळव.

बोळातल्या जिन्याची पायरी मधून फाकली होती, पाऊल आत जाईल एवढी. जावयाचं दार पहारेने फोडलं. तो चिडून बाहेर आला, "अहो, फोडलंत कशाला?" म्हणता म्हणता त्याची नजर त्या पायरीवर गेली. एवढ्यात हाका सुरू झाल्या. वरून, बाजूने. दार उघडेना! मिस्त्री, दार उघडेना! एकाच वेळी दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतल्या चौकटींनी दारं आवळून धरली होती. जावई म्हणाला, "दुसरी ओळ मी बघतो, मामा, तुम्ही वर जा." त्याने खालच्या यंत्रवाल्यांना ओरडून वर बोलावलं. माणूस वाईट नाही तो.

तिसऱ्या ओळीत जिथून हाक आली तिथे गेलो. पहार कोपऱ्यात घालायची, अंगाचा भार टाकायचा. मीच बसवलेली दारं, कुठे जोर लावला की तुटतील ते मला माहीत. आठ फोडली. लेकरं, म्हातारी माणसं, एक बाळंतीण. सगळ्यांना खाली पिटाळलं. शेवटचं कुटुंब घेऊन मी रस्त्यावर पोचलो आणि मागे आवाज झाला. वळून पाहिलं तर तिसरी ओळ मधल्या घरापासून पुढे नव्हती. ती दुसऱ्या ओळीवर आली होती. लेकीचं घर कुठे होतं तेही दाखवता येत नव्हतं. माती अजून चालत होती.

सगळी माणसं मोजली. एक कमी. बाई.

परवापासून शोधतायत. जावई तिथेच आहे, इकडे चल म्हटलं तर येत नाही. इंजिनीअरसाहेब येऊन माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. लोक येऊन माझा हात हातात घेतात, तुम्ही नसता तर, म्हणतात. मला तो काढून घ्यावासा वाटतो. बाईंबद्दल सगळे एकच म्हणतात, त्यांचंही दार अडलं असणार, ओरडल्या असतील बिचाऱ्या, गडबडीत ऐकू आलं नसेल. मी मान हलवतो. उद्या कुणी नीट विचारलं तर काय सांगू?

मी त्यांच्या दाराशी गेलो होतो. पाचवं दार फोडून झाल्यावर. हात लावला तसं ते उघडलं. पुढच्या खोलीत पुस्तकांचे गठ्ठे दोरीने बांधून ठेवलेले होते. मी एकदा हाक मारली, बाई! उत्तर आलं नाही. शेजारच्या घरात दोन पोरं दारावर बुक्क्या मारत होती. मला वाटलं, यांचं दार अडलेलं नाही, म्हणजे त्या केव्हाच बाहेर पडल्या असतील. आत मागची खोली होती, दहा पावलांवर. मी गेलो नाही.

ज्यांची दारं अडली ते ओरडले, म्हणून मी थांबलो. बाईंचं दार एका बोटाने उघडलं, म्हणून मी पुढे गेलो.